लहान संडासात कमोड बसवताना

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या दाराची बेल वाजली. चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारा शेजारच्या इमारतीतला तरुण धापा टाकत उभा होता. “डॉक्टर, लवकर चला. आई संडासात पडलीय आणि दार उघडत नाही!”

कडी लागलेली नव्हती. पण दार आत उघडणारे होते आणि आजी दाराला टेकूनच पडल्या होत्या. जोर लावावा, तर त्यांनाच इजा व्हायची. अखेर सुताराने दाराचा खालचा भाग कापला. त्यात पाऊण तास गेला. आजींचा खुबा मोडला होता.

वाचकहो, या प्रसंगात माझीही चूक होती. आजींचे गुडघे दुखतात म्हणून कमोड बसवा, असे मीच महिनाभरापूर्वी सुचवले होते. तो केवढा घ्यावा, कसा बसवावा, हे मात्र सांगितले नव्हते. आज ते सांगतो.

त्यांचा संडास तीन फूट रुंद आणि चार फूट लांब. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे नुसत्या संडासाला किमान १.१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२ चौरस फूट जागा लागते. तेव्हा जागा नियमात बसणारी होती. पण मागे टाकी असलेला नेहमीचा कमोड २६ ते २८ इंच लांब असतो. त्यांनी २८ इंची घेतला. पुढे उरले २० इंच. दार आत ढकलले की कमोडला अडे. आजींना अंग चोरून आत शिरावे लागे आणि मग वळून दार लावावे लागे. त्यातच तोल गेला.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरात टेप लावा. कमोडच्या पुढे किमान २१ इंच, शक्यतो २४ इंच मोकळी जागा हवी. कमोडच्या मध्यापासून बाजूची भिंत १५ इंच तरी दूर असावी. आखूड कमोड २२ ते २४ इंचांत मिळतात. भिंतीवर टांगायचा कमोड आखूड असतो व त्याखालची फरशी पुसता येते. मात्र त्याची टाकी भिंतीत लपवायची, तर पुढे आणखी एक भिंत घ्यावी लागते आणि वाचलेले चार-सहा इंच तिथेच जातात.

दुसरे माप मैल्याच्या पाइपचे. पाइप जमिनीत जात असेल तर ‘एस ट्रॅप’ आणि भिंतीत जात असेल तर ‘पी ट्रॅप’ लागतो. जमिनीतल्या पाइपचा मध्य भिंतीपासून किती इंचांवर आहे, ते टाइल्स धरून मोजा. ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी साचून राहते. तेच दुर्गंधी व किडे रोखते. जोड सैल राहिला, तर या पाण्याचा उपयोग नाही.

बैठकीची उंची साधारण १५-१६ इंच असते. गुडघेदुखी असेल तर १७-१८ इंच बरी. मात्र पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. बद्धकोष्ठाची तक्रार असणाऱ्यांनी पायाखाली लाकडी पाट घ्यावा. ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनी भारतीय पद्धतीचे भांडे मुद्दाम काढू नये.

पाण्याचाही हिशोब करा. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा तो सर्वांनाच करावा लागला. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर ओतते. पाच माणसे दिवसातून पाच वेळा गेली, तर अडीचशे लिटर होतात. तीन व सहा लिटरची दोन बटणे असलेली टाकी हेच काम नव्वद लिटरमध्ये करते.

आपल्या शेजारच्या देहूत डॉ. सुहास मापुसकर १९५९ साली सरकारी डॉक्टर म्हणून आले. त्यांनी सुरुवातीला बांधलेले संडास पहिल्याच पावसात ढासळले. मग त्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांकडून हे शास्त्र समजून घेतले आणि गावाला मानवेल असे संडास उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. संडास जागा पाहून आणि वापरणारे माणूस पाहून बांधावा, हा धडा शहरातल्या घरालाही लागू आहे.

शेवटी चार गोष्टी. दार बाहेर उघडणारे करा. कडी बाहेरूनही काढता येईल अशी लावा. कमोडशेजारच्या भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही. फरशी खरखरीत असावी व रात्री बारीक दिवा जळत राहावा.

आजी आता काठी घेऊन चालतात. घरातले दार बाहेर उघडते. कमोड बसवायचा विचार असेल, तर हे कात्रण आपल्या प्लंबरलाही दाखवा.