धुरावर हलणारा भाता

लोहाराच्या भात्याचे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. वारा जास्त, तर आग जास्त. आता अशी कल्पना करा की, भट्टीतून वर जाणाऱ्या धुरानेच तो भाता हलू लागला! मोटारीच्या इंजिनावर बसवतात त्या टर्बोचार्जरची करामत ती एवढीच. बाहेर फुकट जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात हवा कोंबते. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे होतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेले आणि विरळ हवेतही ते दमत नाही, हे दाखवून दिले.

विमानाचे ठीक आहे. परंतु अमेरिकन मोटारीला हे कशाला हवे? तिथे शक्तीचा प्रश्न अगदी बाळबोध रीतीने सोडवलेला होता. इंजिन मोठे करा! १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ घ्या. मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. आपल्याकडचे चौकोनी कुटुंब ज्या गाडीतून सिंहगडला जाते, तिचे इंजिन बहुधा सव्वा लिटरचे असते. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मी ‘पहिलवान गाडी’ म्हणतो. खुराक तसाच, आणि वळणावर वळायची तयारीही तशीच बेताची.

तरी एका कारखान्याने भात्याचा प्रयोग केलाच. १९६२ साली ओल्डस्मोबिलने ‘जेटफायर’ बाजारात आणली. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे, २१५ घनइंचांचे, आणि शक्तीही बरोबर २१५ घोड्यांची. अडचण एकच होती. हवा दाबली की तापते. आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपणहून स्फोट पावते. यालाच इंजिन ‘नॉक’ करते म्हणतात. हा खडखडाट चालू राहिला, तर पिस्टनला भोके पडतात. म्हणून या गाडीत एक निराळी टाकी दिली होती. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण. भात्याचा जोर वाढला की त्याची फवारणी होऊन आतले मिश्रण थंड राहावयाचे. नाव मात्र भारदस्त: ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’!

पण ही टाकी वेळोवेळी भरायची कोणी? मालक विसरू लागले. टाकी रिकामी झाली की एक झडप मिटून भात्याचा जोर रोखला जाई. इंजिन वाचे, पण गाडी मरगळे आणि मालक चिडून दुकानी येई. दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी गाड्या तयार झाल्या आणि प्रकरण मिटले. १९६५ मध्ये तर कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. यंत्र हुशार, पण घरातल्या माणसाच्या सवयीचा हिशेब कोणी धरलेला नव्हता.

मग आले १९७१. धुराविषयीचे कायदे कडक होत होते, शिसे कमी असलेल्या पेट्रोलवर गाड्या चालाव्यात म्हणून जनरल मोटर्सने इंजिनांमधला दाब उतरवला. १९७३ च्या तेलटंचाईने उरलेसुरले पाणी पाजले. त्या काळातली इंजिने शौकिनांनी नाके मुरडून बाजूला टाकली. आणि गंमत पाहा, भाता बसवायला नेमकी तीच सोयीची! आतला मूळचा दाब कमी, म्हणून बाहेरून थोडी हवा कोंबायला जागा मोकळी.

माझा एक भाचा डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. त्याच्याकडे १९७२ ची शेवरोले शेव्हेल आहे. ३५० घनइंचांचे इंजिन आणि कागदोपत्री अवघे १६५ घोडे. दोन वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो, तेव्हा तो याच उद्योगात होता. “मामा, हवेचा नेहमीचा दाब चौरस इंचाला सुमारे पावणेपंधरा पौंड,” तो सांगू लागला, “मी त्यात सहा-सातचीच भर घालतोय. त्यापुढे गेलो तर हे जुने पिस्टन टिकायचे नाहीत.” हिशेबाने पाहता सात पौंड म्हणजे जवळजवळ दीडपट हवा, उष्णतेमुळे प्रत्यक्ष लाभ त्याहून कमी. ती थंड करण्यासाठी वाटेत जाळीची पेटी, ठराविक जोरापुढे धूर बाजूने सोडून देणारी झडप, ठिणगी किंचित उशिरा पाडण्याची व्यवस्था. कार्बुरेटरमधला पितळी पोकळ तरंगता गोळासुद्धा दाबाने चेपतो, म्हणून तो भरीव घालावा लागतो! आणि पेट्रोलचा पंपही हवेबरोबर जोर वाढवणारा हवा, नाहीतर भर वेगात इंजिन उपाशी राहते आणि नॉक करते. हे सारे करून रोजच्या सावकाश चालीत गाडी पूर्वीसारखीच शांत राहते, ही या युक्तीची खरी कमाई. मोठे इंजिन सदैव खाते. भाता मागितले तरच.

माझी भाचेसून हे सगळे हातातली भाजी निवडत ऐकत होती. “मामा, ही पळते कशी ते यांना विचारा, थांबते कशी ते मला विचारा,” ती म्हणाली. त्या गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. एकदा उतारावर, मागे दोन्ही मुले बसलेली असताना, ते तापून ढिले पडले होते आणि गाडी लाल दिव्याच्या पुढे जाऊन थांबली होती. टर्बोचे खोके दारात येऊन पडल्यावर तिने ते माळ्यावर टाकले आणि अट घातली: आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, नवे टायर, मग भाता. वर्षभर खोके माळ्यावरच होते. भाचा आजही त्या वर्षाबद्दल कुरकुरतो. माझे मत विचाराल तर यंत्रशास्त्र त्या घरात तिलाच अधिक कळते.

एक तक्रार मात्र खरी. धुराच्या वाटेत चक्र आडवे बसल्यामुळे आठ सिलिंडरांची ती प्रसिद्ध गुरगुर बरीच दबते आणि वर बारीक शीळ ऐकू येते. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथले म्हातारे शौकीन ही शीळ ऐकून मान हलवतात. शिवाय जोरात हाकून आल्यावर गाडी लगेच बंद करावयाची नाही. तापलेल्या चक्राच्या बेअरिंगमधले तेल जळून त्याची काजळी धरते. म्हणून दोन-तीन मिनिटे इंजिन दारात नुसतेच चालू ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात भाचेसून सामान उतरवून, मुलांचे हातपाय धुवून, कुकर चढवूनही मोकळी होते.