महानगराची वीज, परळी आणि आपले रुग्णालय

"रुग्णालयाच्या गच्चीवर सौरसंच बसविला, की वीज जाण्याची चिंता मिटेल ना?" असा प्रश्न अनेक देणगीदार आम्हांस आपुलकीने विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मुंबईपर्यंत जावे लागते.

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. परंतु उंच इमारतींच्या त्या शहरात माणसांच्या मानाने छप्पर थोडे. स्वच्छ वीज बहुतांशी बाहेरूनच आणावी लागणार. हे मुंबईस नवीन नाही. घाटमाथ्यावरील पाण्यापासून खोपोलीस तयार होणारी वीज तेथे १९१५ पासून जात आहे. मात्र दूरची वीज तारांच्या भरवशावर असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबईचा पुरवठा काही तास खंडित झाला, तेव्हा तेथील रुग्णालयांनाही जनित्रे चालवावी लागली.

बाहेर वीज पुरविणाऱ्या जिल्ह्यांत आपला बीडही आहे. परळीचे औष्णिक केंद्र १९७० च्या दशकापासून राज्याच्या जाळ्यास वीज देत आले. तेथे कोळशाइतकीच पाण्याची गरज असते. वाफ तयार करण्यासाठी आणि त्याहून कितीतरी अधिक ती थंड करण्यासाठी. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्राचे सर्व संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. सौर पॅनेलला धुण्यापुरतेच पाणी लागते. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

आता मूळ प्रश्न. एक किलोवॅटचा सौरसंच सुमारे शंभर चौरस फूट जागेत दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो व बिलात चांगली बचत होते. परंतु जाळ्याशी जोडलेला साधा संच बाहेरची वीज जाताच आपोआप बंद पडतो, अगदी भर उन्हातसुद्धा! तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास धक्का बसू नये, म्हणून ती योजना असते. रात्री तर तो निरुपयोगीच. शस्त्रक्रियागृह, नवजात शिशूंचा कक्ष व लसींचा फ्रीज यांना असा खंड चालत नाही.

म्हणून सौरसंचासाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांस आमची विनंती आहे की, बॅटरी व काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्चही विचारात घ्यावा. डिझेल जनित्र तूर्त आम्ही काढणार नाही.