आजीच्या ओव्या आणि घरचा कॉम्प्युटर

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही बायका आज हयात नाहीत. आवाज मात्र ऐकता येतो. आपल्या कोरेगाव भीमातल्या आज्यांच्या ओव्या आपण घरीच रेकॉर्ड करू शकतो. अडतं कुठे, ते बघू.

आवाजच येत नाही? मग सेटिंगमध्ये कोणता माइक निवडलाय आणि त्याला परवानगी आहे का, ते आधी तपासायचं. बरेचदा बाहेरचा माइक जोडलेला असतो आणि कॉम्प्युटर आतल्याच माइकवर ऐकत असतो.

घुंऽऽ असा आवाज येतो? आपली वीज ५० हर्ट्झची, तिचीच ही गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली, तर दोष तिथेच. पंखा बंद करा, नगर रस्त्याकडची खिडकी लावून घ्या.

आवाज फाटतो? म्हणजे लेव्हल जास्त आहे. आजीने वरचा सूर लावला तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला मात्र पूर्ववत होत नाही.

म्हणून आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकायचं, मगच आजीला गायला बसवायचं. मूळ फाइल वेव्हमध्ये ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर. कॉम्प्युटर पुन्हा घेता येईल, तो आवाज नाही.