घारीसारखे तरंगायचे तर

उन्हे चढली की तापलेल्या माळावरून गरम हवा वर उसळते आणि घारी पंख न हलवता तिच्यात घिरट्या घेत चढतात. रिमोटवरचे ग्लायडर विमानही हेच करते. त्याची विजेची मोटर उंची गाठण्यापुरतीच. मग ती बंद होते, पंख्याची पाती मागे मिटतात. म्हणून मोटरच्या ताकदीवर पैसे उधळू नयेत. पाहायचे ते पंखाच्या क्षेत्रफळामागे वजन किती पडते हे. ते जितके कमी, तितके विमान सावकाश खाली येते. नवख्याला ‘रेडियन’सारखे फोमचे, 2 मीटर पंखांचे, किलोच्या आतले विमान पुरे. फोम मोडला तर चिकटवता येतो. कार्बन फायबरची दुरुस्ती खिसा रिकामा करते. जास्त वेळ उडावे म्हणून मोठी बॅटरी? तीही वजनच.