स्पेनच्या रस्त्यावर

दोस्तांनो, वर्ध्याहून नागपूर सायकलनं गाठायचं म्हटलं तर? साधारण पंच्याहत्तर किलोमीटर. घरी नुसतं बोलून बघा, आई काय म्हणते ते! आता समजा, नागपूरला जाऊन त्याच दिवशी परत यायचं आणि वर आणखी तीस-बत्तीस किलोमीटर मारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशीही. असे पाच महिन्यांहून जास्त दिवस.

हा हिशेब पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचा. वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ साली, तिनं सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक प्रवास एकटीनं. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात ती क्रीडा व्यवस्थापन शिकत होती. काही दिवशी तर तीनशे किलोमीटरपर्यंत सायकल चालवायची.

जुलै महिन्यात ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. नकाशाचं पुस्तक जवळ असेल तर उघडाच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आइसलंड, मग पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, रशिया आणि शेवटी आपला भारत. मोजा, चौदा देश झाले. मधले समुद्र अर्थात विमानानं! कॅनडात एक ग्रिझली अस्वल तिच्या मागं लागलं होतं. पण तिचा खरा घात अस्वलानं केला नाही, माणसांनी केला.

स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं. त्या झटापटीत तिच्या डोक्याला मार बसला.

जरा विचार करा. परका देश, परकी भाषा, घर हजारो मैल दूर, आणि डोकं गरगरतंय. हात मोडला तर दिसतो, रक्त आलं तर दिसतं. डोक्याच्या आतला मार मात्र दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवा. आपला मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात आपटलं की कवटी थांबते, पण मेंदू हिंदकळून आतून धडकतो. मग डोकं दुखतं, उलटी होते, अंधुक दिसतं, मघाशी काय झालं तेच आठवत नाही. बाहेरून मात्र माणूस धडधाकट! 'मला काही झालं नाही' असं तो म्हणतो, तेव्हा त्याचं ऐकायचं नसतं बरं का. डॉक्टरकडे न्यायचं. मेंदू पुरता सावरायच्या आत दुसरा मार बसला, तर तो पहिल्यापेक्षा फार घातक ठरू शकतो.

सायकल असो की मोटारसायकल, डोकं जपायचं शास्त्र माणसाला उशिराच सुचलं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होता. रस्त्यात सायकलवर दोन मुलं होती. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध होता, मग गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेलं नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली तो छापला. हेल्मेट जीव वाचवतं, हे त्यातून पुढं आलं, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं आपल्या मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचं केलं.

घरातलं हेल्मेट आतून पाहिलंय का? कापडाखाली जाड थर आहे ना, तो आपल्या थर्माकोलचाच भाऊ. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि धक्का मेंदूपर्यंत कमी पोचू देतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठ्या अपघातानंतर वरून कितीही चकचकीत दिसलं तरी ते हेल्मेट बाद. आणि आई-बाबा, तुम्हीही वाचताय ना? मोटारसायकलवर मागं बसणाऱ्यालाही कायद्यानं हेल्मेट लागतं. आपल्याकडं पुढच्याच्या डोक्यावर असतं, मागच्याचं मात्र हुकमी हँडलला लटकलेलं!

आणखी एक लक्षात ठेवायची गोष्ट. युरोपात कुठल्याही देशात अपघात झाला तर एकच नंबर फिरवायचा, ११२. पोलीस, दवाखान्याची गाडी, अग्निशामक दल, सगळं त्यावर. आता आपल्याकडंही तोच नंबर चालतो. वर्ध्यातही.

पण वेदांगीपुढं दुखण्याखेरीज आणखी एक घड्याळ टिकटिकत होतं. बऱ्याच युरोपीय देशांत भारतीयांना 'शेंगेन' व्हिसावर फिरता येतं. एका व्हिसात अनेक देश, ही सोय मोठी. पण १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. म्हणजे परदेशात पडलेला माणूस खाटेवर असला तरी त्याचे दिवस सरतच असतात. आपल्या पासपोर्टला देशोदेशी आधी व्हिसा काढावा लागतो. युरोपातल्या सायकलपटूला हा त्रास निम्माही नसतो. वेदांगीचे कितीतरी दिवस या व्हिसाच्या कागदांपायी गेले. ठरवलं होतं सुमारे १३० दिवसांचं, लागले १५९. त्याच वर्षी स्कॉटलंडची जेनी ग्रॅहम १२४ दिवसांत प्रदक्षिणा पुरी करून विश्वविक्रम करून गेली. मला विचाराल तर या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करून चालायचं नाही.

उशीर झाल्यामुळं रशियात कडाक्याची थंडी तिच्या वाट्याला आली. उणे वीस अंशांपर्यंत पारा. बर्फात एकटीनं तंबू ठोकून तिनं कितीतरी रात्री काढल्या. स्पेनमधून घरी परतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ती पुढं गेली, आणि पुढं जाताना हेही तिच्या वाट्याला आलं.

२३ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ती कोलकात्यात पोचली. तरी काम संपलं नव्हतं! या प्रदक्षिणेचा नियम असा की जिथून निघालात तिथंच परत यायचं. म्हणजे विमानानं पुन्हा पर्थ गाठायचं आणि उरलेले पंधरा किलोमीटर सायकलनं कापायचे. वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन परत यायचं तेवढंच अंतर.