शहाणा फ्रीज आणि स्टीलचा डबा

एलजीने २००० साली इंटरनेटचा फ्रीज आणला, तेव्हा ते नवल होते. आता आमच्या बेव्हर्ली पार्कातही 'स्मार्ट' फ्रीजची चौकशी होते. आतला कॅमेरा दूध संपल्याचे मोबाइलवर दाखवतो. दार उघडे राहिले तर इशारा येतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. अशा घरात हा इशारा मोलाचा.

पण वीज गेली की घरातला राउटरही बंद पडतो आणि ऐन गरजेला फ्रीज मुका होतो. स्टीलच्या डब्यात कालची भाजी आहे की खीर, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. झाकण आपल्यालाच उघडावे लागते. कंपनीने सॉफ्टवेअरची दुरुस्ती थांबवली की पडदा लवकर म्हातारा होतो, गारवा मात्र टिकतो. म्हणून आधी वीजबचतीचे तारे आणि दुरुस्तीची सोय पाहा, पडदा नंतर.