घरबसल्या आरोग्यशिक्षण : फी भरण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की बाजाराच्या दिवशी हातात जाहिरातीचे कागद पडू लागतात. 'घरबसल्या सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन', 'कामधंदा सांभाळून नर्सिंग'. मुलगी हुशार, शहरात ठेवायची ऐपत नाही, शेतावर हात हवेत. अशा वेळी आईबापांना हा मार्ग सोयीचा वाटतो, आणि प्रसंगी दुभती म्हैस विकून फी भरली जाते. म्हणून दूरशिक्षणाने आरोग्यशास्त्रातले काय शिकता येते व काय येत नाही, हे आधी पाहू या.

जे हाताने करावयाचे ते पुस्तकातून येत नाही. शीर शोधून सुई टोचणे, जखम बांधणे, बाळंतपण करणे या गोष्टी वॉर्डात, जाणत्या सिस्टरच्या नजरेखालीच अंगवळणी पडतात. त्यामुळे ए.एन.एम. (२ वर्षे), जी.एन.एम. (३ वर्षे) आणि बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) हे शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत हजर राहूनच घ्यावे लागते. पुढे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. घरबसल्या मिळवलेल्या कागदावर ती होत नाही.

प्रयोगशाळेच्या कामाचेही तसेच. लॅब तंत्रज्ञ, फिजिओथेरपी, आहारशास्त्र वगैरे शाखांसाठी २०२१ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या विषयांना दूरशिक्षणाने व ऑनलाइन नवे प्रवेश देण्यास मनाई केली. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अन्न व पोषणशास्त्र हेही त्यात आले. पूर्वी कोणा नातेवाइकाने असा कोर्स केला असेल, पण तो दाखला आज धरून चालू नये.

मग उरते काय? दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ साली निघाले आणि १९९१ साली त्याची आरोग्यशास्त्र शाखा सुरू झाली. नोकरीत असलेल्या, नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम या विद्यापीठाने अनेक वर्षे चालवला. त्यात पुस्तके घरी येतात, पण रुग्णालयातली प्रात्यक्षिके चुकवता येत नाहीत. आमच्या मते दूरशिक्षणाचा खरा उपयोग हाच : हात आधी तयार झालेले असतात, पुस्तक मागून येते. रुग्णालयातील कचऱ्याची व्यवस्था, घरी करावयाची रुग्णसेवा असे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही या विद्यापीठाने काढले. घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील तर असे ज्ञान कामी येते. मात्र त्याने कोणी नर्स होत नाही. यंदा कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते विद्यापीठाच्या विभागीय केंद्रातच विचारावे.

सीमाभागातील वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) मराठीतून शिकवते, म्हणून बेळगावकडे त्याची ओढ असणे साहजिक आहे. पण राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रे आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत आणि खाजगी क्लासला केंद्र विकताही येत नाही. त्यामुळे बाजारपेठेतल्या माडीवर एखाद्या परराज्यातील विद्यापीठाची पाटी दिसली तर सावध व्हावे. इग्नू केंद्राचे असल्याने त्याला ही अडचण नाही; तिथे अडचण भाषेची. पुस्तके बहुधा इंग्रजीत, काही हिंदीत असतात.

प्रमाणित बियाणे घेताना आपण पिशवीवरचा निळा टॅग पाहतो. तसे इथे तीन गोष्टी विचाराव्यात : आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत या वर्षी हा अभ्यासक्रम आहे का, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होणार, आणि पुढे नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे. उत्तर लेखी मागावे. फीची पावती विद्यापीठाच्या नावाची असावी, क्लासच्या नव्हे.

आणि इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात. जून म्हणजे पेरणीचे दिवस. त्या आठवड्यांत शेतावर मुलीऐवजी कोण राहील, हे घरात आधीच ठरवून ठेवावे.